बॉयर मास्तरांचा प्रश्न

त्या काळीं लंडनमध्यें असलेलें क्राइस्ट्स हॉस्पिटल हें नांवापुरतेंच रुग्णालय. वस्तुतः ती निर्धन मुलांसाठीं काढलेली जुनी शाळा होय. १७८१ सालीं वडील वारले आणि पुढल्याच वर्षीं सॅम्युएल टेलर कोलरिज या शाळेंत दाखल झाला. यथाकाल तो जेम्स बॉयर मास्तरांच्या हाताखालीं आला.

मास्तरांची छडी प्रसिद्ध होती. पण त्यांची टीका तिच्याहून तिखट. निबंधांत वीणा, काव्यदेवता, पंखांचा घोडा अशी ठरीव सामग्री आली, कीं ते तिची टर उडवीत. चार-पांच निबंध सांचले म्हणजे लेखकाला बोलावून विचारीत, कीं हें वाक्य त्या दुसऱ्या विषयाखालीं तितकेंच शोभलें नसतें काय? समाधानकारक उत्तर नसलें आणि असे दोन दोष एकाच निबंधांत सांपडले, तर तो फाडला जाई. त्याच विषयावर नवा लिहावा लागे.

शिक्षा लेखनाची, परंतु सुधारलें तें वाचन. ग्रीक शोकांतिकांबरोबर शेक्सपिअर व मिल्टन यांचेही धडे असत. तेथेंही तोच प्रश्न : हा शब्दच कां, आणि तो याच जागीं कां? उत्कट काव्यालाही शास्त्राइतकीच कडक तर्कसंगति असते, हें कोलरिजला अशा रीतीनें उमगलें.

१८११-१२ च्या हिंवाळ्यांत त्यानें लंडनमध्यें याच दोन कवींवर व्याख्यानें दिलीं. पुढें १८१७ च्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ या ग्रंथांत, मास्तरांच्या कठोरपणाचीं स्वप्नें आपणांस अजून पडतात हें नमूद करूनही, त्यानें त्यांचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें.