लोणावळ्याच्या कातळाखाली

महाराष्ट्राचा खनिजांचा नकाशा वर्गात लावला की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. मँगनीज भंडारा-नागपूरकडे, लोहखनिज गडचिरोलीत आणि सिंधुदुर्गात. म्हणजे बहुतेक धातू राज्याच्या कडेला आणि मधला भाग जवळजवळ कोरा. कोल्हापूरकडे बॉक्साइट आहे, पण ते बेसॉल्ट झिजूनच तयार झालेले. मग मधल्या भागात इतर धातू नाहीतच, की ते आपल्याला दिसत नाहीत? या प्रश्नाचा शोध लोणावळ्यापासून सुरू करता येतो.

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. घाटाच्या कड्यांत लाव्हाचे एकावर एक साचलेले थर आजही दिसतात. त्यांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. हे पांघरूण जिथे संपते, तिथे त्याखालचे पुरातन भूकवच उघडे पडते. गोव्याचे लोहखनिज आणि कर्नाटकातील हट्टीचे सोने अशाच पुरातन कवचातले. हेच कवच सह्याद्रीखालीही पसरले आहे, हे कसे समजले?

एक पुरावा लाव्हानेच दिला. १९८०च्या दशकात पवईच्या आय.आय.टी.तील के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी रासायनिक घटकांवरून सह्याद्रीतील थरांचे गट पाडले. त्यांपैकी खंडाळा आणि बुशे या थरसमूहांच्या जोडीला ‘लोणावळा उपगट’ असे नाव आहे. बुशेच्या खडकात स्ट्रॉन्शियम-८७ या समस्थानिकाचे प्रमाण विशेष जास्त आढळते. रुबिडियम-८७च्या किरणोत्सारी क्षयातून ते तयार होते. ग्रॅनाइटसारख्या खडकात रुबिडियम भरपूर असते. त्यामुळे खडक जितका जुना, तितके त्यात हे स्ट्रॉन्शियम अधिक साठते. अर्थ सरळ आहे: वर येताना लाव्हारसाने जुन्या भूकवचाचा काही अंश आपल्यात विरघळवून घेतला.

दुसरा पुरावा त्याआधीचा, भूभौतिकीचा. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपानंतर, १९७०च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोकण किनाऱ्यावरील गुहागर आणि केळशीपासून पूर्वेकडे जमिनीत स्फोट घडवून कंपनलहरी मोजल्या. बेसॉल्टमध्ये या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, तर खालच्या खडकात सुमारे ६ किलोमीटर भरला. वेग जिथे बदलतो, तिथे पांघरुणाचा तळ.

अखेर छिद्र पाडूनच खात्री झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनविवरात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ साली सुमारे ३ किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण झाले. तिथे १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि त्याखाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागले. हे खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत.

मग सोने सापडले का? नाही. पुरातन कवच म्हणजे खाण नव्हे. लोह आणि सोने साधारणपणे पट्टिताश्मांच्या अधूनमधून सापडणाऱ्या, घड्या पडलेल्या शिस्ट खडकांच्या पट्ट्यांत असते. हे पट्टे ग्रॅनाइटपेक्षा जड असल्याने त्यांच्यावर गुरुत्वाकर्षण किंचित वाढते, आणि लोहयुक्त थर चुंबकमापीवर उमटतात. पण वरचा बेसॉल्टही जड आणि चुंबकीयच! भिंतीपलीकडचे बोलणे ऐकावे आणि भिंतच बडबडू लागावी, तशी गत होते. म्हणून आधी बेसॉल्टची जाडी ठरवून त्याचा परिणाम वजा करावा लागतो. पट्टा सापडला, तरी एवढ्या खोलीवरची खाण परवडणे हा वेगळा प्रश्न.

तेव्हा त्या कोऱ्या जागेवर ‘येथे धातू नाहीत’ असे शिकवू नये, आणि ‘खाली खजिना आहे’ असेही नाही. ‘येथे जुना खडक झाकलेला आहे’ एवढेच आज आपल्याला माहीत आहे. आपल्या गावाखाली बेसॉल्ट किती जाड असेल, कडेच्या जिल्ह्यात तो कुठे संपतो, हे विद्यार्थ्यांनी नकाशावर शोधावे. खनिजांचा नकाशा हा बव्हंशी पांघरुणाचाच नकाशा आहे, हे त्यातून त्यांचे त्यांनाच उमगेल.