टाकीतल्या पाणवनस्पती आणि उल्हासचे पाणी

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधील कितीतरी घरांच्या दिवाणखान्यात दोन फुटांची काचेची टाकी दिसते. तळाशी निळे-गुलाबी खडे, मधोमध प्लास्टिकची झाडे आणि त्यांच्यातून फिरणारे चार गोल्डफिश. काही महिन्यांत मासे एकेक करून मरतात, काचेवर हिरवट थर चढतो आणि टाकी माळ्यावर जाते. प्लास्टिकच्या जागी जिवंत पाणवनस्पती लावल्या तर हे चित्र बदलू शकते, हे अनेक हौशी मत्स्यपालकांनी अनुभवले आहे. मात्र दुकानातून आणलेली हिरवीगार जुडी पंधरा दिवसांत सडून तरंगू लागल्याचा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. दोष बहुधा वनस्पतीचा नसतो. नळाला येणारे पाणी, घरातले तापमान आणि ट्यूबलाइट या तिन्हींचा विचार न करता ही बाग लावली जाते.

पाण्यापासूनच सुरुवात करावी लागेल. अंबरनाथ व बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून पाणी मिळते आणि त्याचा मोठा भाग बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावर उल्हास नदीतून उचलला जातो. उल्हासनगरची भिस्त औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर आहे. महामंडळाचे बारवी धरण ज्या नदीवर आहे ती बारवीही उल्हासचीच उपनदी. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, याचे एक कारण १९२२ साली सुरू झालेले भिवपुरीचे जलविद्युत केंद्र. घाटमाथ्यावरील आंध्र जलाशयाचे पाणी वीज निर्माण करून खाली उल्हासच्या पात्रात येते. बदलापुरातील टाकीत हेलकावणाऱ्या पानाला मिळणारे पाणी असे मावळातून उतरून आलेले असते.

नदीचे हे पाणी बहुतेक पाणवनस्पतींना मानवते. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली कूपनलिकेची. पाणीकपातीच्या दिवशी सोसायटीत टँकर मागवला जातो आणि ते पाणी बरेचदा कूपनलिकेचे असते. बेसॉल्टच्या भेगांत मुरलेल्या पाण्यात क्षार अधिक असल्याने ते नदीच्या पाण्यापेक्षा जड असते. टाकीतील निम्मे पाणी एकदम अशा पाण्याने बदलले तर मासे आणि वनस्पती दोघांनाही धक्का बसतो. शोभेसाठी घातलेली संगमरवराची पांढरी खडीही पाणी हळूहळू जड करते. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर ती खडी टाकीत घालू नये.

दुसरी अडचण क्लोरिनची. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरिनचे प्रमाण वाढवावे लागते. माणसांसाठी ते आवश्यकच असते, पण माशांच्या कल्ल्यांना आणि टाकीतील उपयुक्त जीवाणूंना ते घातक ठरते. साधा क्लोरिन उघड्या बादलीत २४ तास ठेवलेल्या पाण्यातून बऱ्याच अंशी उडून जातो. हवेचा पंप लावल्यास त्याहून लवकर. क्लोरामाइन मात्र असे उडत नाही. त्यासाठी दुकानात ‘अँटी क्लोरिन’ म्हणून मिळणारे औषध, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, वापरतात. छायाचित्रकारांच्या डार्करूममधला ‘हायपो’ तो हाच. क्लोरामाइन फोडल्यावर थोडा अमोनिया उरतो आणि तो वनस्पती शोषून घेतात. आठवड्यातून एकदा २० ते २५ टक्के पाणी बदलणे पुरेसे असते. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो पिळावा, अन्यथा त्यात वसलेले जीवाणू मरतात.

हे जीवाणू टाकीचा कणा आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत जमायला तीन ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडणाऱ्यांचे मासे आठवड्यात का मरतात, याचे उत्तर येथे आहे. वेगाने वाढणाऱ्या वनस्पती सुरुवातीपासून लावल्या तर त्या अमोनिया थेट खाऊन टाकतात आणि धोका पुष्कळ कमी होतो.

वनस्पती व मासे परस्परांना सांभाळतात ही गोष्ट लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रयोगाने मांडली. पाण्याच्या भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही वनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी त्यात सोडल्या आणि समतोल साधला. फितीसारख्या लांब पानांची हीच व्हॅलिसनेरिया आज दुकानांत सर्रास मिळते. या भागात नवख्याने पहिली लावावी ती हीच.

या प्रयोगातून एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे: झाडे असली की हवेचा पंप नको. झाडे प्राणवायू देतात ती प्रकाशात. रात्री तीही माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात, त्यामुळे दाट टाकीत पहाटे प्राणवायूची पातळी सर्वांत खाली असते. त्यातच पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. मार्च ते मे या काळात अंबरनाथ-बदलापुरात पारा चाळिशीपार जातो आणि वरच्या मजल्यावरील घरात टाकीचे पाणी सहज ३१-३२ अंशांवर पोहोचते. अशा रात्री वीज गेली तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत या पट्ट्याने नियमित भारनियमन सोसले. ते दिवस गेले, पण पावसाळी वाऱ्यात तास-दोन तास वीज जाणे संपलेले नाही. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असावा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मासे कमी असावेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत जेमतेम ५४ लिटर पाणी मावते. त्यात आठ-दहा गप्पी किंवा टेट्रा शोभतात. गोल्डफिश तर नकोच. तो कोवळी पाने खातो आणि मुळे उकरतो.

उष्म्यावर उपाय म्हणून टाकीत बर्फ टाकण्याची पद्धत चुकीची आहे. तापमानाच्या त्या चढउताराने मासे आजारी पडतात. झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. दमट जूनमध्ये त्याचा उपयोग कमी होतो, हेही खरे.

तळाची रचना स्वस्तात होते. बागेतील साधी, शेणखत वा रासायनिक खत न मिसळलेली माती चाळून दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यावा आणि त्यावर धुतलेल्या नदीच्या वाळूचा तितकाच किंवा किंचित जाड थर पसरावा. समुद्राची वाळू चालत नाही; तिच्यातील शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होते. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवावी, म्हणजे माती उसळत नाही. पाणी, वाळू आणि काच मिळून अशा टाकीचे वजन ७० किलोच्या पुढे जाते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून स्टँड करून घेताना हे वजन सांगावे आणि भुशाच्या पत्र्याऐवजी लोखंड किंवा जलरोधक प्लाय मागावे. पाण्याचे थेंब लागून भुशाचा पत्रा वर्षभरात फुगतो.

प्रकाशाबाबत उदारपणा नडतो. दिवाणखान्याची शोभा म्हणून दिवा सकाळपासून रात्री अकरापर्यंत जळत ठेवला जातो आणि मग शेवाळाला दोष दिला जातो. सुरुवातीला सहा तास, वनस्पती रुजल्यावर फार तर आठ तास पांढरा एलईडी पुरतो. टाकी खिडकीतल्या थेट उन्हात नसावी. दिव्याला साधा टायमर लावला की विसरण्याचा प्रश्न उरत नाही. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि महागडी द्रव खते जपानच्या ताकाशी अमानो यांच्या शैलीतील देखण्या टाक्यांसाठी ठीक आहेत; घरगुती टाकीला त्यांवाचून चालते. नवी पाने फिकट व शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची, जुन्या पानांवर बारीक छिद्रे पडली तर पोटॅशियमची कमतरता समजावी आणि तेवढ्यापुरते खत द्यावे.

निवड करताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. ‘लकी बांबू’ म्हणून ओळखला जाणारा ड्रॅसिना आणि जमिनीवरच्या काही रंगीत पानांच्या रोपट्यांची पाणवनस्पती म्हणून विक्री होते. ती पाण्याखाली महिना-दोन महिने तग धरतात आणि कुजतात. पाण्याबाहेर काढल्यावर जिचे देठ ताठ उभे राहतात, तिच्याविषयी शंका घ्यावी. मात्र अस्सल पाणवनस्पतीही रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवल्या जात असल्याने ही खूण दरवेळी लागू पडत नाही. अशी रोपे घरी आल्यावर जुनी पाने गाळतात आणि पाण्यातली नवी फुटतात. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी पाने टाकते. खोड शाबूत असेल तर ती उपटू नये. जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे खोड वाळूत पुरले की सडते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. हॉर्नवर्ट आणि हायड्रिला उन्हाळा सोसतात, जावा मॉस कुरकुरते. पाणथळ जागी उगवणारी ब्राह्मीही पाण्याखाली उत्तम वाढते. मात्र नर्सरीत तिच्या नावाने मंडूकपर्णी हाती पडण्याची शक्यता असते.

देशी वनस्पतींच्या या ओढीला एक मर्यादा हवी. दुकानात ॲपोनोजेटॉनचे कंद मिळतात म्हणून त्याच कुळातील वायतुरा सातारा जिल्ह्यातील सड्यांवरून उपटून आणण्याचा मोह काहींना होतो. ही वनस्पती मूठभर ठिकाणीच उरली आहे, पावसाळ्यापुरतीच वर येते आणि बारमाही पाण्याच्या टाकीत तिचे आयुष्य सरते.

उलट दिशेचा धोका अधिक मोठा आहे. टाकीतील छाटणी पिशवीत भरून नदीत सोडण्याची सवय अनेकांना आहे. ‘पाण्यातले पाण्यात’ असे त्याचे समर्थन केले जाते. दक्षिण अमेरिकेची जलपर्णी भारतात शोभेची म्हणूनच आली. आज कल्याणजवळ म्हारळ, मोहने परिसरात उल्हासचे पात्र तिने वारंवार झाकले जाते. टाकीत नायट्रेट वाढले की शेवाळ माजते. नदीत प्रक्रियेविना सांडपाणी मिसळले की जलपर्णी माजते. कारण एकच. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीची अवस्था तर रासायनिक सांडपाण्यामुळे त्याहून वाईट झाली. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातील आवळ पांडी येथे २०२० साली गुलाबी फुलांचा गालिचा पाहायला लोकांनी गर्दी केली. ती फुले होती कबोम्बाची, म्हणजे मत्स्यालयांत वाढवल्या जाणाऱ्या परदेशी वनस्पतीची. आपली हायड्रिलाही निर्दोष नाही. १९५०च्या दशकात मत्स्यालय व्यापारातून फ्लोरिडात पोहोचून तिने तिथले कालवे तुंबवले.

छाटलेले तुकडे उन्हात कडक वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावेत. हॉर्नवर्टसारख्या वनस्पतीचा बोटभर तुकडाही पाण्यात पुन्हा वाढतो, म्हणून ते बेसिनमध्ये वा गटारात सोडू नयेत. जादा रोपे गॅलरीत टबात ठेवली असतील तर त्यात दोन गप्पी मासे सोडावेत, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. हे गप्पीही नदी-ओढ्यात सोडू नयेत. टाकीतून काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असते आणि मीठ किंवा औषध घातलेले नसेल तर गॅलरीतल्या तुळशीला, जास्वंदीला खुशाल घालता येते.