मुशीतून निघालेलं पोलाद

बंगळूरच्या विमानतळापासून थोडं पुढे गेलं की देवनहळ्ळीचा दगडी किल्ला लागतो. टिपू सुलतानाचा जन्म इथला. त्याच्या फौजेतले लोखंडी नळीचे अग्निबाण इंग्रजांना पोल्लिलूरच्या लढाईत, १७८० साली, चांगलेच झोंबले. या मुलखात लोखंडाचं काम किती मुरलेलं होतं, याची ही एक खूण. पण इथल्या लोहारांची खरी करामत होती ती पोलादात.

स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस बुकॅनन १८०० साली म्हैसूर राज्यात हिंडला, तेव्हा त्याने पोलाद बनवण्याची इथली कृती नोंदवून ठेवली. मातीच्या छोट्या मुशीत घडीव लोखंडाचा तुकडा ठेवायचा, सोबत तरवडाच्या काड्या आणि दोन-चार हिरवी पानं. तोंड मातीने लिंपायचं, मुशी भट्टीत रचायच्या आणि भाता चालवत राहायचा. बंद मुशीत लाकडातला कार्बन लोखंडात उतरे आणि थंड झालेली मूस फोडली की पोलादाचा गोळा हाती येई. चन्नपट्टणला अशा पोलादाची तार ओढत. ती वाद्यांना लावली जाई.

हे पोलाद युरोपात 'वुट्झ' नावाने पोचलं ते मुंबईमार्गे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे नमुने धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला.

मग वुट्झ इतकं सरस का, या कोड्याच्या मागे शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे लागले. शस्त्रक्रियेची अवजारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांच्या जोडीने त्यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, निकेल, क्रोमियम मिसळून पाहिलं. निष्कर्ष १८२० आणि १८२२ मध्ये छापले. वुट्झचं मर्म ॲल्युमिनियममध्ये असावं हा त्यांचा अंदाज चुकला, पण दुसरा धातू मिसळून पोलादाचा स्वभाव बदलायचा, या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात तिथे झाली.

विसाव्या शतकात मिश्रणाचं प्रमाण चिमटीवर आलं. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स स्टीलने १९५८ मध्ये नायोबियमयुक्त पोलाद बाजारात आणलं. नायोबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम साधारण ०.१ टक्क्याच्या आतच घातलं तरी त्यांचे अतिसूक्ष्म कण पोलादाचे स्फटिक वाढू देत नाहीत. बारीक स्फटिकांमुळे ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. कार्बन कमी असल्याने वेल्डिंगही सोपं जातं. म्हणून तेलवायूच्या नळांसाठी आणि पुलांसाठी असं पोलाद वापरतात.

वुट्झमध्ये मात्र कार्बन भरपूर. दोन्ही पोलादांची जात वेगळी. तरीही १९९८ मध्ये जॉन वेऱ्होवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुट्झपासून घडवलेल्या दमास्कसच्या तलवारींवरची पाण्यासारखी नक्षी तपासली, तेव्हा तिच्यामागे व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा नाममात्र अंश सापडला. तो खनिजातूनच येत असे. त्यामुळे त्या संशोधकांचा कयास असा की, विशिष्ट खाणींचं खनिज संपलं आणि कृती तीच असूनही नक्षी उमटेनाशी झाली. मुशीपाशी बसलेल्या लोहाराला व्हॅनेडियम हे नावही ठाऊक नव्हतं. या धातूचा शोध युरोपीय रसायनज्ञांना लागला तोच मुळी एकोणिसाव्या शतकात.