चित्रकथीची पोथी आणि बाजार

बाजार म्हणजे काय हे राजापूरकरांना सांगावयास आम्ही उभे राहिलो नाही. आदिलशाहीत घाटावरचा माल ज्या बंदरातून समुद्रापार जात होता, सतराव्या शतकाच्या मध्यास जेथे इंग्रजांनी वखार घातली आणि १६६१ साली जी शिवाजी महाराजांनी लुटली, त्या गावाला बाजाराच्या दोन्ही बाजू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. माल कोणाचा, नाव कोणाचे आणि नफा कोणाचा, हे तीन प्रश्न येथे नेहमीच निरनिराळे राहिले. आज हळद पिकते सांगलीकडे आणि ती विकली जाते ‘राजापुरी’ म्हणून. हळदीची त्याबद्दल तक्रार नसावी. परंतु ज्या लोकांजवळ शेत नाही, भांडवल नाही, केवळ वाडवडिलांकडून आलेली गाणी आणि चित्रे आहेत, त्यांच्या मालाला दुसऱ्याचे नाव चिकटले, तर ती गोष्ट इतकी हलकी राहत नाही.

अशा लोकांचे गाव येथून फार दूर नाही. खारेपाटण, कणकवली ओलांडून कुडाळला गेले की जवळच पिंगुळी लागते. १९८१ च्या १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोवर हे गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेथील ठाकर मंडळी चित्रकथी सांगतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडून रामायण उभे करतात. शिवाय पांगुळबैल, राधानृत्य, गोंधळ हेही त्यांचेच. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त आहे. तेव्हा हा धंदा काही कालपरवाचा नव्हे.

चित्रकथीची पोथी म्हणजे शिवलेले पुस्तक नव्हे. कागदाच्या सुट्या पानांवर प्रसंग रंगवलेले असतात आणि दोन पाने पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. आरंभी गणपती, मग सरस्वती, मग कथेला सुरुवात. एक प्रसंग सांगून झाला की पान उलटावयाचे, दुसरा समोर येतो. एकेका आख्यानाला अशी काही डझन पाने. सांगणारा वीणेवर सूर धरतो, साथीदार टाळ आणि हुडुक वाजवतात, आणि देवळाच्या मंडपात दिव्याच्या उजेडात बसलेले गाव ती पात्रे बोलताना ऐकते. डोळे मोठे, चेहरा एका बाजूने, रेषा ठाशीव. हे सारे दुरून आणि अंधुक उजेडात दिसावे म्हणून आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर काचेमागे ते चित्र किंचित ओबडधोबड वाटते, याचे कारण ते भिंतीसाठी काढलेलेच नाही. त्यातला आवाज आपण वगळलेला असतो.

या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. ठाकरांनी ठरल्या गावी, ठरल्या उत्सवात जावे, देवळात कथा सांगावी आणि आपला वाटा घ्यावा, अशी ही व्यवस्था. तिला उद्योग म्हणावे काय? आमच्या मते अवश्य म्हणावे. तीत माल होता, गिऱ्हाईक होते, ठरलेला हंगाम होता आणि मोबदला होता. मात्र विकली जात होती ती कथा; चित्र हे तिचे हत्यार होते. सुताराच्या घरातला रंधा जसा विकावयाचा नसतो, तशीच पोथी विकावयाची नसे.

१९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आश्रय आटला. पुढे गावोगाव सिनेमा आला. आणि नेमके याच काळात शहरातल्या रसिकांना त्या जुन्या पानांची गोडी लागली. घरात दाणा नसताना रंधा विकावा लागतो. पोथ्या विकल्या गेल्या. विकत घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी घेतली नसती तर पुष्कळ पाने वाळवीने खाल्ली असती. पण विक्री झाली ती सुट्या पानांची. एक पान एका संग्रहालयात, दुसरे परदेशी, तिसरे कोणाच्या बैठकीत. ज्या व्यापाराने चित्र वाचवले त्यानेच पोथी मोडली. वर नावही बदलले. या शैलीची चित्रे पैठणच्या बाजूला मिळाली म्हणून ती ‘पैठण चित्रे’ झाली. आना दल्लापिक्कोला यांनी १९८० साली जर्मन भाषेत या चित्रांवर ग्रंथ लिहिला; त्याच्याही शीर्षकात पैठणच आहे, जरी विदुषीने त्या शब्दाला अवतरणचिन्हे घातली आहेत. मध्यंतरी एका दुकानात आम्ही असेच चित्र छापलेला चहाचा पेला पाहिला. चित्र कोठले, असे विचारले. “पैठणचे,” उत्तर आले. आम्ही पेला घेतला नाही. त्याने पिंगुळीचे काही भले झाले असेल असे वाटत नाही.

सरकारचा हिशेबही काही काळ असाच चुकलेला होता. ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, नगर या जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांतला ठाकर तेवढा अनुसूचित जमातीचा; कुडाळचा नव्हे. ही तालुक्यांची कुंपणे १९७६ च्या कायद्याने निघाली.

वारल्यांची गोष्ट अधिक भाग्याची म्हणतात. भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या वर्षांत डहाणूकडे गेले आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगासमोर आली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. पैसा आला, हे खरेच. पण लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत, तो लग्नाशिवाय लिहीत नसत. कागदावर आल्यावर ही कला मोठ्या प्रमाणात पुरुषांच्या हाती गेली. हे चूक की बरोबर ते वारल्यांनी ठरवावे. आम्ही एवढेच म्हणतो की बाजार कलेला जसाच्या तसा उचलून नेत नाही.

ही अडचण आपल्याच मुलखाची आहे असेही नाही. आपल्या किनाऱ्यावर लहान होडीला बाजूने उलांडी बांधतात. ही युक्ती ज्या दर्यावर्दी लोकांकडून इकडे आली असे अभ्यासक मानतात, त्यांचे भाऊबंद तैवानपासून न्यूझीलंडपर्यंत पसरले आहेत. न्यूझीलंडच्या माओरींनी १९२० नंतरच्या दशकात आपिराना ङाटा यांच्या प्रयत्नाने रोटोरुआला लाकडी कोरीवकामाची शाळा उभारली. तेथे विद्यार्थी घडले ते मुख्यतः आपल्याच सभागृहांचे खांब कोरून. प्रवाशांना विकावयाच्या वस्तू कोरून नव्हे. २००२ साली माओरी कामावर उमटवावयाची ‘तोइ इहो’ ही मुद्रा निघाली. तैवानने २००७ साली कायदा केला की आदिवासी जमातीच्या गाण्यावर, नक्षीवर, नृत्यावर हक्क त्या जमातीचा, एकट्यादुकट्याचा नव्हे. कायद्याने पोट भरत नाही, हे खरे. परंतु विचारल्याशिवाय पेल्यावर चित्र छापणाऱ्याला निदान कोणाचे दार ठोठवावयाचे ते तरी कळते.

पिंगुळीस परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय थाटले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हांला यात महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे चित्र आणि बाहुली पाहावयास मिळते आणि ती बोलतानाही ऐकावयास मिळते. येणारा पाहुणा कथेचे पैसे देतो. जुना उद्योग होता तोही हाच.

एक काम मात्र संग्रहालयांना करता येईल, आणि त्याला फार खर्च नाही. त्यांच्या कपाटांत पडलेल्या सुट्या पानांची छायाचित्रे काढावी आणि पिंगुळीस पाठवावी. कोणते पान कोणत्या आख्यानातले, त्याच्या आधी काय आणि पाठीमागे काय, हे ज्यांना कथा तोंडपाठ आहे त्यांनी सांगावे. त्यांच्या घरांतल्या मुलांनी त्या क्रमाने पाने पुन्हा रंगवून, पाठीला पाठ चिकटवून, पोथी बांधावी. कथा पाठ असलेली माणसे आता वयस्क आहेत, म्हणून हे लवकर व्हावे.