अंदाजापासून सहीपर्यंत

१८ फेब्रुवारी १८६० रोजी जेम्स विल्सन कलकत्त्यात अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले, तेव्हा त्यांना हिंदुस्थानात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचे हे गृहस्थ तरुणपणी टोप्या बनवण्याच्या धंद्यात होते. पुढे १८४३ मध्ये त्यांनी लंडनला ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढले आणि हिशेबी माणूस म्हणून नाव कमावले. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी तळाला गेली होती. ती भरण्यासाठी व्हाइसरॉयच्या मंडळातले पहिले अर्थसदस्य म्हणून विल्सन यांना धाडण्यात आले होते. त्यांनी जो उपाय सुचवला तो या देशाला नवा होता: प्रत्येकाच्या वार्षिक कमाईवर कर. लोकांना तो परका वाटू नये म्हणून त्यांनी भाषणात मनूचाही हवाला दिला.

२४ जुलै १८६० पासून कायदा लागू झाला. त्याची कलमे २५९ होती. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्याला शेकडा दोन आणि त्यावरच्या उत्पन्नाला शेकडा चार असा दर होता. शेतीचे उत्पन्नही त्यातून सुटले नव्हते. २०० रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण दादाभाई नौरोजींनी पुढे १८६७ ते १८७० या काळासाठी दरडोई वार्षिक उत्पन्नाचा जो हिशेब मांडला तो २० रुपयांचा होता. म्हणजे कराच्या जाळ्यात येणारा माणूस सामान्यांपेक्षा बराच वरचा असला, तरी त्यात साधा कारकूनही सापडत होता.

अडचण मात्र दराची नव्हतीच. शेतसारा रयतेला शेकडो वर्षे ठाऊक होता आणि तो बाहेरून ठरवता येई. शेत मोजता येते, पीक डोळ्यांना दिसते, गावचा पाटील-कुलकर्णी साक्षीला असतो. सावकाराच्या वहीतले व्याज, वकिलाची फी, व्यापाऱ्याचा नफा यांचा आकडा त्या त्या माणसालाच माहीत. हा कर घ्यायचा तर एक तर सरकारने त्याच्या घरात डोकावायचे किंवा त्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. प्राप्तिकराचा पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांमधल्या ओढाताणीचा आहे. वजावट आणि परतावा हे त्याच ओढाताणीतून निघालेले हक्क आहेत.

मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी ही गोष्ट तेव्हाच ओळखली. त्यांनी कराला कडाडून विरोध केला आणि आपले टिपण वर्तमानपत्रांत छापू दिले. सरकारी शिस्तीचा हा भंग लंडनला खपला नाही. त्यांना परत बोलावण्यात आले. इकडे कायदा लागू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ११ ऑगस्ट १८६० रोजी विल्सन हगवणीने कलकत्त्यात वारले. त्यानंतर जे घडले ते फार बोलके आहे. १८६३ मध्ये ट्रेव्हेलियन अर्थसदस्य होऊन हिंदुस्थानात परतले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८६५ मध्ये, पाच वर्षांची मुदत संपताच प्राप्तिकर बंद झाला.

त्यानंतरची वीस वर्षे धरसोडीची गेली. परवाना कर, दाखला कर, १८६९ ला पुन्हा प्राप्तिकर, १८७३ मध्ये तोही रद्द. १८७८ मध्ये दुष्काळाच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांवर परवाना कर बसवला, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या सुरतेत दंगल उसळली.

१८८६ च्या दुसऱ्या कायद्याने मात्र प्राप्तिकर कायमचा आला. शेतीचे उत्पन्न त्याने वगळले, आणि ती सूट आजही टिकून आहे. मर्यादा ५०० रुपयांची झाली. पगारदाराला २,००० रुपयांपर्यंत रुपयामागे चार पै आणि त्यावर पाच पै द्यावे लागत. याच कायद्यात एक छोटी तरतूद होती, आणि दर मार्चमध्ये विम्याचे हप्ते भरायला धावणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. आयुर्विम्याच्या हप्त्यापोटी भरलेली रक्कम, उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत, करातून सुटत असे. म्हणजे विम्याची वजावट आयुर्विमा महामंडळाहून सत्तर वर्षांनी जुनी आहे.

पगारदाराचा कर पगारातूनच कापला जाई. व्यापारी, सावकार, वकील यांचे उत्पन्न ठरवणे कलेक्टर आणि त्याच्या हाताखालच्या महसुली यंत्रणेकडे होते. आकारणी जास्त वाटली तर अर्ज कुणाकडे करायचा? त्याच कलेक्टरकडे. त्यापुढे फार तर कमिशनर. ज्याने आकडा ठरवला त्याच्यापुढेच हात जोडून उभे राहायचे, ही या व्यवस्थेतली सगळ्यात अन्यायाची गोष्ट होती.

या कराची झळ कुणाला बसत होती हे समजून घ्यायला पुण्याकडे यावे लागते. फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये वेतन होते. वर्षाचे ९०० रुपये झाले. रुपयामागे चार पै या दराने त्यावर १८ रुपये १२ आणे कर होतो. महिन्याच्या वेतनाचा बरोबर चौथा हिस्सा. मोठ्या पगाराची संधी बाजूला सारून शिकवायला आलेल्या माणसांना हा भार होता, आणि त्यांच्याहून कमी मिळवणाऱ्या कारकून-मास्तरांना तर अधिकच.

गोपाळ कृष्ण गोखले याच सदस्यांपैकी एक. काँग्रेस सुरुवातीच्या वर्षांपासूनच करमुक्त मर्यादा १,००० रुपये करा असे ठराव करत होती, पण ठरावांना सरकार दाद देत नव्हते. २६ मार्च १९०२ रोजी गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. आकडेवारीत मुरलेले शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांची मदत त्यांना होती. सरकार वर्षामागून वर्ष शिल्लक दाखवत होते आणि त्याला सुबत्तेचा पुरावा म्हणत होते. गोखल्यांनी तो युक्तिवाद उलटा केला: दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात तिजोरीत शिल्लक राहते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले गेले आहे, आणि ते लोकांना परत मिळाले पाहिजे. मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा हजारावर न्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

पुढच्याच वर्षी, १९०३ च्या अर्थसंकल्पात, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये झाली. ९०० रुपये मिळवणारा प्राध्यापक कायद्याच्या बाहेर पडला. गोखल्यांचे ते भाषण अर्थसंकल्पीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून नावाजले जाते. पण त्याचे खरे मोल त्या चार पैंच्या सुटकेत आहे. जास्तीचा घेतलेला कर ही सरकारची मिळकत नव्हे, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे त्याआधी त्या सभागृहात क्वचितच कुणी मांडले असेल.

पहिल्या महायुद्धाने खर्च वाढला, दर चढत गेले. १९२२ च्या कायद्याने दर कायद्यात न ठेवता दरसालच्या वित्त कायद्यात घालण्याची पद्धत आली. पण नागरिकाच्या दृष्टीने मोठी दोन पावले त्यानंतरची आहेत. १९३९ च्या दुरुस्तीने जाहीर नोटिशीची पद्धत आणली. अधिकाऱ्याची नोटीस येईपर्यंत थांबायचे नाही. मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असेल तर आपण होऊन विवरणपत्र भरायचे. अंदाजाची जागा सहीने घेतली ती इथे. आणि २५ जानेवारी १९४१ रोजी प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. आकारणी करणारा एक आणि न्याय देणारा दुसरा, हे अखेर साधले, त्याला विल्सन यांच्या कायद्यापासून ऐंशी वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. त्यानंतरच्या दशकाने कराचा कहर पाहिला. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना, १९७१ मध्ये, अधिभार धरून सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला. दोन लाखांपुढच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये मिळवणाऱ्याच्या हाती उरत. इतक्या दराला खरे उत्पन्न लिहून देणारा माणूस सापडणे कठीणच, आणि काळ्या पैशाची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने ते स्पष्ट सांगितले. १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो दर ७७ टक्क्यांवर आणला. आपलाच निर्णय तीन वर्षांत मागे घ्यायला मनाचा मोठेपणा लागतो.

त्याच वर्षी पगारदारांसाठी प्रमाणित वजावट आली. तोवर कामासाठी घेतलेली पुस्तके, कामावर जाण्या-येण्याचे वाहन असे खर्च वेगवेगळे दाखवावे लागत. आता पहिल्या १०,००० रुपयांवर वीस टक्के, पुढे दहा टक्के आणि जास्तीत जास्त ३,५०० रुपये, पावती न मागता, वजा होऊ लागले. २००५ च्या वित्त कायद्याने ही वजावट काढली. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती ४०,००० रुपयांच्या रूपात परत आणली.

वजावटीचा सर्वांत नेटका विचार केला तो कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी. १९९० मध्ये त्यांना अर्थमंत्री म्हणून एकच अर्थसंकल्प मांडायला मिळाला. तोवर कलम ८०सीनुसार बचतीची रक्कम उत्पन्नातून वजा होई. त्यामुळे ५० टक्के दर भरणाऱ्या श्रीमंताला वजावटीच्या रुपयामागे ५० पैसे वाचत, आणि २० टक्के भरणाऱ्या कारकुनाला २०. दंडवत्यांनी कलम ८८ आणले. बचतीच्या २० टक्के रक्कम थेट करातूनच कमी, मग बचत करणारा कुणीही असो. एका ओळीत मांडता येईल इतकी साधी आणि न्यायाची गोष्ट होती. २००५ मध्ये ती व्यवस्था मोडून कलम ८०सी परत आले, एक लाखाच्या मर्यादेसह, आणि २०१४ मध्ये मर्यादा दीड लाख झाली. ८०सीचा जप करणाऱ्या पिढीला दंडवत्यांची सवलत आठवतही नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

गोव्याची कथा आणखी वेगळी. मुक्तीनंतर १ एप्रिल १९६३ पासून तिथे भारतीय प्राप्तिकर लागू झाला, पण पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामाईकच राहिली. मग घरभाडे किंवा धंद्याचा नफा नेमका कुणाचा? यावर वर्षानुवर्षे कोर्टात वाद चालले. १९९४ मध्ये कलम ५ए घालून, तेही १९६३ पासून लागू धरून, संसदेने उत्तर दिले: पगार ज्याचा त्याचा, बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे. म्हणूनच विवरणपत्रात पोर्तुगीज नागरी कायद्याबद्दलचा प्रश्न असतो. सोलापूरकराला तो कोड्यात टाकतो. मडगावकराच्या घरातला तो रोजचा व्यवहार आहे.

परताव्याची वाट मात्र सगळ्यांनी सारखीच पाहिली. जुन्या काळी विवरणपत्र वॉर्डाच्या खिडकीवर द्यायचे, पोचपावतीवर शिक्का घ्यायचा आणि टपालाकडे डोळे लावून बसायचे. उशीर झाला तर व्याज मिळावे अशी तरतूद कायद्यात होती. पण व्याजच अडकून राहिले तर? हा प्रश्न पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७७-७८ आणि त्यापुढच्या काही वर्षांच्या आकारणीतले व्याज तिला बारा ते सतरा वर्षे मिळाले नव्हते. २७ जानेवारी २००६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की करदात्याचा पैसा विनाकारण अडकवून ठेवला तर त्याची भरपाई खात्याने केलीच पाहिजे. पुढे न्यायालयाने व्याजावर व्याजाचा सरसकट नियम यातून काढू नये असा खुलासा केला, तरी खात्याच्या ढिलाईवरचे ताशेरे कायम राहिले.

त्यानंतर चक्रे फिरली. २००७ मध्ये स्टेट बँकेमार्फत परतावे पाठवण्याचा प्रयोग दिल्ली आणि पाटण्यात झाला. २००९-१० मध्ये बंगळुरूला विवरणपत्रे हाताळणारे केंद्र सुरू झाले आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या टेबलावरची फाइल संगणकात गेली. २०१९ पासून परतावा थेट बँक खात्यातच येतो. जिथे पूर्वी वर्ष जाई तिथे आता पुष्कळांना काही आठवडे, कधी काही दिवसही पुरतात. उशीर झाल्यास महिना अर्धा टक्का व्याज मिळते.

आता १९६१ चा कायदाही इतिहासात जमा झाला आहे. त्याच्या जागी आलेला, ५३६ कलमांचा २०२५ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या त्याच्या मूळ विधेयकात मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्याला परतावाच मागता येणार नाही अशी तरतूद होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या ३१ खासदारांच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती उरली नाही. मुदत चुकली म्हणून जास्तीचा कापलेला कर सरकारजमा होऊ नये, हे संसदेने मान्य केले.

या हक्काची सर्वांत जास्त गरज आहे ती मुदत ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या आजी-आजोबांना. बँकेने व्याजातून कर कापला आणि एकूण उत्पन्न करपात्र नसले, तरी तो पैसा आपोआप परत येत नाही. विवरणपत्र भरून तो मागावाच लागतो. घरात असे कुणी असेल तर यंदा त्यांच्या शेजारी बसून ते भरून द्या.