कासवाच्या पोटातलं दफ्तर

इतिहासाची साधनं म्हटली की आपण ताम्रपट, नाणी, जुनी कागदपत्रं शोधतो. आज आपण एक वेगळंच दफ्तर उघडू या : मेलेल्या कासवांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी.

लेदरबॅक हे जगातलं सर्वांत मोठं समुद्री कासव. त्याचं मुख्य खाणं जेलीफिश. म्रोसोव्स्की, रायन आणि जेम्स या संशोधकांनी अशा ४०८ कासवांच्या, १८८५ ते २००७ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. पोटात प्लास्टिक सापडल्याची पहिली नोंद १९६८ची. हातात धरायच्या प्लास्टिक पिशवीचं पेटंट स्वीडनमधल्या एका कंपनीने घेतलं, ते १९६५ साली! एकूण नोंदींपैकी ३४ टक्के कासवांच्या पोटात प्लास्टिक निघालं.

म्हणजे बघा, कासवाची खायची सवय बदलली नाही. बदलला तो समुद्र. तरंगती पिशवी त्याला जेलीफिशसारखीच दिसते. बुळबुळीत भक्ष्य निसटू नये म्हणून त्याच्या अन्ननलिकेत आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. त्यामुळे गिळलेली पिशवीही सहसा परत बाहेर येत नाही. आतडं तुंबलं की उपासमार होते. वायू साठला की बुडी मारता येत नाही आणि कासव लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं.

इथे आपण जरा सावध राहायला हवं. पोटात प्लास्टिक होतं, एवढ्यावरून मरण त्यानेच आलं असं ठरत नाही. आतडं तुंबल्याचा उल्लेख काहीच नोंदींत आहे. साधन सांगतं तेवढंच आपण म्हणायचं. पण तेवढंही कमी नाही : लाखो वर्षं भरवशाचं असलेलं खाणं माणसाच्या एका हयातीत धोक्याचं झालं.