दोन पायांचा ढोल : डबल पेडलचा काटकसरीचा इतिहास

१/
कमी पैशांत डबल पेडल कोणते घ्यावे, हा ड्रम शिकणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे कधी ना कधी उभा राहणारा प्रश्न. वरवर तो दुकानातला वाटतो. प्रत्यक्षात तो शतकाहून जुना आहे. बास ड्रमचे पेडल रुजले तेच मुळी पैसे वाचवण्यासाठी. पण या यंत्राच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्या कोणावर तरी जाऊन पडतो. कोणावर, याचीच ही कथा.

२/
प्रथम वस्तूची ओळख. ड्रमसेटमधला सर्वांत मोठा, जमिनीवर आडवा ठेवलेला ढोल म्हणजे बास ड्रम. तो हाताने नव्हे, पायाने वाजतो. शिलाई मशीनच्या पायट्यासारखी एक फळी दाबली, की तिला जोडलेला दांडा पुढे झेपावतो आणि त्याच्या टोकाचा गोळा, म्हणजे बीटर, चामड्यावर आदळतो. स्प्रिंग त्याला परत मागे खेचते. डबल पेडलमध्ये अशा दोन फळ्या आणि दोन बीटर असतात. ढोल मात्र एकच.

३/
एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ब्रास बँडमध्ये तालवाद्यांसाठी स्वतंत्र माणसे असत. एक जण मोठा ढोल, दुसरा स्नेअर ड्रम, तिसरा झांजा सांभाळी. रस्त्यावरून चालत वाजवायचे असल्याने ही विभागणी स्वाभाविक होती. चालणाऱ्या माणसाचे पाय रिकामे नसतात.

४/
हेच संगीत नाट्यगृहात आणि नृत्यगृहात शिरले, तेव्हा गणित बदलले. रंगमंचापुढील खड्ड्यात जागा तोकडी, आणि मालकाला प्रत्येक वादकाचा मोबदला मोजावा लागे. त्यातून ‘डबल ड्रमिंग’ची पद्धत रुळली. स्नेअर ड्रम खुर्चीवर वा स्टँडवर तिरका, मोठ्या ढोलाच्या अगदी शेजारी ठेवायचा. उजव्या काठीने ढोलावर ठोका द्यायचा आणि ती तत्क्षणी स्नेअरकडे वळवायची. दोघांचे काम एकाच्या हातांवर आले. पाय अजूनही बेकार होते.

५/
पायांना कामाला लावण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. एकच जनक सांगता येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये जॉन रोबिशो यांच्या वाद्यवृंदातील ड्रमर डी डी चँडलर यांचे नाव १८९०च्या दशकाच्या मध्यास लाकडी पेडल वापरणाऱ्यांत घेतले जाते. त्या काळच्या काही पेडलांत बीटर ढोलाच्या वरच्या कडेवरून लांब दांड्याने लोंबत असे. दांडा लांब, म्हणून झोका मोठा. झोका मोठा, म्हणून परतायला वेळ. संथ चालीत ते निभावून जाई.

६/
मग रॅगटाइम आले. या द्रुत, उसळत्या संगीतापुढे लोंबते पेडल मागे पडू लागले. शिकागोतील नाट्यगृहांत वाजवणारे जर्मन वंशाचे ड्रमर विल्यम लुडविग यांना ही अडचण रोज भेडसावत होती. त्यांनी जमिनीलगत बसणारे, आखूड दांड्याचे पेडल आधी लाकडात घडवले. पुढे त्यांचे यंत्रकुशल नातलग रॉबर्ट डॅनली यांच्या साहाय्याने ते धातूत उतरले. १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विल्यम व त्यांचे बंधू थिओबाल्ड यांनी ‘लुडविग अँड लुडविग’ ही कंपनी उभारली.

७/
या रचनेचे मर्म साधे होते. फिरण्याचा अक्ष खाली आला, बीटरचा प्रवास घटला, स्प्रिंग त्याला झटकन मागे आणू लागली. शिवाय पेडल लहान झाल्याने पेटीत घालून नेता येऊ लागले. आजचे कोणतेही पेडल उघडून पाहिले, तरी त्याच्या पोटात ही जुनी कल्पना सापडते. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत सतरा वर्षांची असे; म्हणजे १९२६ नंतर हे पेटंट कोणाच्याही वाटेत उभे नव्हते.

८/
आता पहिला हिशेब. पेडलमुळे एकच माणूस मोठा ढोल, स्नेअर आणि झांज वाजवू लागला. ‘ड्रमसेट’ नावाचे नवे वाद्य आणि ‘ड्रमर’ नावाचा नवा कलावंत जन्मला. जॅझची लय याच वाद्यावर घडली. परंतु बचत झाली ती मालकाची. तिची किंमत मोजली त्या दुसऱ्या ढोलवाल्याने, ज्याची खुर्ची खड्ड्यातून उचलली गेली. पेडलच्या जाहिरातीत त्याला कधी जागा मिळाली नाही.

९/
यंत्राचा फेरा मात्र पुढे पहिल्या ड्रमरवरही आला. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत जिवंत वादक बसत. घोड्यांच्या टापांपासून वादळापर्यंतचे आवाज ड्रमर काढी. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ पडद्यावर आला आणि काही वर्षांतच बोलपटांनी हे वादक अनावश्यक ठरवले. वाद्यांचा खप कोसळला. लुडविग बंधूंची कंपनीही त्याच सुमारास कॉन या मोठ्या वाद्यनिर्मात्याच्या हाती गेली. ज्याने तिघांचे काम एकावर आणले, त्या एकाचेही काम ध्वनिपट्टीने नेले. पुढे १९८०च्या दशकाअखेरीस सिंथेसायझरमुळे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील मोठे वाद्यवृंद आटले, तेव्हा गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी हाच अनुभव घेतला.

१०/
इकडे उजवा पाय बास ड्रमवर स्थिरावला असताना डावा पाय फार काळ मोकळा राहिला नाही. १९२०च्या दशकात पायाने उघडझाप करता येणाऱ्या झांजांची जोडी आली. प्रथम ती जमिनीलगत असे. मग दांड्यावर उंच चढून काठीच्या टप्प्यात आली आणि ‘हाय-हॅट’ झाली. एका माणसाचे चारही अवयव आता कामाला जुंपले गेले. तरीही कोणाला तरी याहून अधिक हवे होते.

११/
तो होता इलिनॉय राज्यातील एक शाळकरी मुलगा, लुई बेलसन. त्याच्या वडिलांचे वाद्यांचे दुकान होते. १९३०च्या दशकाअखेरीस, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, त्याने शाळेच्या चित्रकलेच्या तासाला दोन बास ड्रम असलेल्या सेटचे रेखाटन केले. कल्पना कागदावरून प्रत्यक्षात यायला वेळ लागला. १९४०च्या दशकात ग्रेच कंपनीने त्याला तसा सेट बनवून दिला. १९५१ मध्ये तो ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि ‘स्किन डीप’ या रचनेतून दोन ढोलांची ताकद श्रोत्यांपुढे आली.

१२/
पंधरा वर्षांनी ही कल्पना रॉकमध्ये शिरली. १९६६च्या सुमारास ‘क्रीम’चे जिंजर बेकर आणि ‘द हू’चे कीथ मून, दोघेही दोन बास ड्रम घेऊन बसू लागले. १९७९ मध्ये मोटरहेडच्या ‘ओव्हरकिल’मध्ये फिल टेलर यांनी दोन्ही पायांचा अखंड, धावता ठोका दिला. पुढच्या दशकातील थ्रॅश मेटलने तो आपला कणाच करून टाकला. आता वेगवान डबल बास हा अपवाद उरला नव्हता. त्या संगीतात शिरणाऱ्या नव्या ड्रमरकडून तो गृहीत धरला जाऊ लागला.

१३/
येथे पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसरा बास ड्रम म्हणजे दुसरे लाकडी कवच, दुसरी कातडी, दुसरे पेडल, दुसरा मायक्रोफोन आणि गाडीत दुप्पट जागा. बावीस इंच व्यासाचे दोन ढोल लहानशा क्लबच्या मंचावर ठेवले, तर गिटारवादकाने उभे राहायचे कोठे? ज्यांच्यामागे मोठी कंपनी आणि सामान वाहणारी माणसे होती, त्यांनाच हा थाट परवडे. बाकीच्यांना ठोके दोन ढोलांचे हवे होते, खर्च मात्र एकाचा.

१४/
उत्तर एकाच ठिकाणाहून आले नाही. ऑस्ट्रेलियात डॉन स्लीशमन यांनी ढोल मध्यभागी आणि दोन फळ्या दोन्ही बाजूंस, अशी समतोल रचना केली. अमेरिकेत डॉन लोम्बार्डी यांनी १९७२ मध्ये सँटा मोनिका येथे ‘ड्रम वर्कशॉप’ नावाची शिकवणी सुरू केली होती. १९७०च्या दशकाअखेरीस कॅमको ही जुनी कंपनी विकली गेली : तिची यंत्रे व साचे ड्रम वर्कशॉपकडे आले आणि नाव जपानच्या टामाकडे गेले. आजच्या दोन नामांकित पेडलघराण्यांचे गोत्र असे एकच आहे.

१५/
१९८३ मध्ये ड्रम वर्कशॉपने ५००२ हे डबल पेडल बाजारात आणले. त्याची मांडणी आज सर्वत्र दिसते. मुख्य पेडल ढोलाला घट्ट पकडलेले. त्यावर दोन बीटर शेजारी शेजारी. दुसरी फळी डावीकडे, हाय-हॅटजवळ. दोहोंमध्ये एक आडवा दांडा. डाव्या पायाने फळी दाबली, की दांडा स्वतःभोवती फिरतो आणि दुसरा बीटर पडतो.

१६/
या दांड्याच्या दोन्ही टोकांस असलेला सांधा संगीतक्षेत्रातला नव्हेच. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांच्या नावांशी तो जोडला जातो. ट्रकखाली गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर तो आजही दिसतो. दोन दांडे सरळ रेषेत नसतानाही तो फिरणे पुढे पोहोचवतो. परंतु त्यात एक खोड आहे : कोन जितका मोठा, तितकी फिरण्याची गती असमान. दोन्ही टोकांचे सांधे नीट जुळवून कोन सारखे ठेवले, तर ही असमानता बरीचशी कटते.

१७/
आता दुसरा हिशेब. एक अख्खा ढोल वाचला. मग त्याचा भार कोठे गेला? पहिला भार सांध्यांवर : उजवा बीटर पायाशी थेट बांधलेला, डावा मात्र दांडा आणि दोन सांधे ओलांडून येणारा. दुसरा भार कातडीवर : पहिल्या ठोक्याचे कंपन शमण्याआधी त्याच कातडीवर दुसरा पडतो. तिसरा भार हाय-हॅटवर : डावा पाय तेथून निघाला की झांजा उघड्या पडतात. त्या मिटलेल्या ठेवण्यासाठी ‘ड्रॉप क्लच’ नावाची लहानशी कळ लागते. दोन ढोलांच्या सेटवरही ही शेवटची अडचण होतीच.

१८/
पैसे मर्यादित असलेल्या ड्रमरने हा इतिहास खरेदीत असा वापरावा. पेडल स्वस्त होते ते बहुधा सांध्यांत, कारण दुकानात ते कोणी तपासत नाही. डावा बीटर हाताने घट्ट धरावा आणि डावी फळी हलकेच दाबावी. बीटर स्थिर असताना फळी जितकी हलते, तितका ढिलेपणा यंत्रात आहे. तो ढिलेपणा प्रत्येक ठोक्याला उशीर लावतो. वादक मात्र दोष आपल्या पायाला देत बसतो.

१९/
त्यानंतर पाया पाहावा. दोन्ही फळ्यांखाली भक्कम पत्रा आहे का, डावी बाजू वाजवताना सरकते का, ढोलाच्या कड्याला धरणारी पकड घट्ट बसते का. मग स्प्रिंगा : दोन्ही बाजूंचा ताण सारखा करता येतो का. साखळी एकेरी की दुहेरी, की साखळीऐवजी थेट दांडा, हा वाद रंगतो खूप; पण सैल सांध्याला दुहेरी साखळीही वाचवू शकत नाही.

२०/
बीटर, स्प्रिंग आणि साखळी बदलता येतात; झिजलेला सांधा आणि वाकलेली चौकट बदलणे महाग पडते. म्हणून सुटे भाग मिळणाऱ्या कंपनीचे वापरलेले पेडल, वरील तपासणीत उतरले, तर तितक्याच किमतीच्या नव्या अनामिक पेडलपेक्षा बहुधा चांगला सौदा ठरते. घरी आणल्यावर सर्व स्क्रू आवळावेत आणि आडवा दांडा शक्य तितका कमी कोनात बसवावा. या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

२१/
आणि एक उदाहरण विसरू नये. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये लेड झेपेलिनचे जॉन बोनहॅम यांचे झपाट्याचे बास ड्रमचे ठोके ऐकून अनेकांना दोन पेडलांचा भास झाला. ते एका पायाचे, एकाच पेडलवरचे काम होते. डबल पेडल ही गरज केव्हा आणि हौस केव्हा, याचे उत्तर दुकानात नव्हे, सरावाच्या खोलीत मिळते. एक चांगले साधे पेडल दोन वाईट पेडलांहून अधिक शिकवते.

२२/
न्यू ऑर्लिन्सच्या लाकडी फळीपासून आजच्या डबल पेडलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काहीतरी वाचवले. मालकाने मोबदला वाचवला, तो दुसऱ्या ढोलवाल्याच्या ताटातून गेला. गरीब ड्रमरने ढोल वाचवला, त्याचा भार चार बोटांएवढ्या सांध्यावर पडला. स्वस्त वस्तूपुढे उभे राहिल्यावर ‘किती वाचले’ हा अर्धाच प्रश्न असतो. ‘ते कशातून वाचले’ हा उरलेला अर्धा. पेडलच्या बाबतीत तरी त्याचे उत्तर डावी फळी दाबून पाहिली, की मिळते.

(समाप्त)